मोठ्या शहरात निसर्ग बघायला जाता तेव्हा नेमकं काय करता?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही एका खूप मोठ्या शहरात राहायला आलो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला पत्ते नकोत, ते माझ्याकडे ढीगभर आहेत. आल्या आल्या वहीत यादी केली: मोठी उद्यानं, दोन तळी, एक टेकडी, नदीकाठचा पट्टा, वनस्पती उद्यान. दर रविवारी एक जागा. आतापर्यंत १४ झाल्या. फाटकातून आत शिरायचं, मोठी फेरी मारायची, छान दिसेल तिथे फोटो काढायचे आणि दीड-दोन तासांत बाहेर.

परवा लेकीने विचारलं, "आई, ती तळ्याची बाग होती ना, तिथे झाडं कुठली होती गं?" मला एकही सांगता येईना. फोन उघडून बघितला. तळं होतं, आम्ही होतो, आमच्या मागे काहीतरी हिरवं होतं. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. चौदा रविवार काही थोडे नव्हेत, आणि त्यातलं हाताला काहीच लागलं नाही.

तर विचारायचं हे, की अशा जागी गेल्यावर तुम्ही काय करता? कुठल्या वेळी जाता, किती थांबता, एकटे जाता की सगळ्यांना घेऊन? यादी नको, जायची रीत सांगा.

नकाशा

ताई, यादी करण्यात काही चूक नाही. उलट मी म्हणेन तुमची यादी अपुरी आहे. फाटक आणि पाटी असलेल्याच जागा तुम्ही धरल्यात. मोठ्या शहरातले जिवंत कोपरे पुष्कळदा पाटीशिवायचे असतात. जुन्या दफनभूमी बघा. तिथली झाडं कुऱ्हाडीपासून वाचलेली असतात, आणि येणारा माणूस आपोआप हळू बोलतो. पाणीपुरवठ्याच्या तलावांचे काठ, कालव्यालगतची वाट, बंद पडलेले लोहमार्ग, या जागाही वहीत घाला.

बर्लिनमध्ये झ्यूडगेलेंडे नावाची जागा आहे. मुळात ते रेल्वेचं यार्ड. शहराचे तुकडे झाले, १९५२ मध्ये तिथलं काम थांबलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथे कुणी काही लावलं नाही की उपटलं नाही. रुळांच्या फटीतून भूर्ज उगवले, त्यांचं रान झालं. ते तोडायची वेळ आली तेव्हा आजूबाजूचे लोक आडवे आले, आणि २००० साली ते उद्यान म्हणून खुलं झालं. झाडांमधून रूळ अजून दिसतात. न्यूयॉर्कच्या हाय लाइनची कथाही अशीच सुरू होते: १९८० मध्ये खांबांवरच्या त्या मार्गावरून शेवटची मालगाडी गेली, वाऱ्याने आणलेलं बी तिथे रुजलं, आणि २००९ मध्ये पहिला टप्पा लोकांसाठी उघडला. आज दिसते ती लागवड माणसांनी केलेली आहे, पण कुठली रोपं लावायची हे त्यांनी आधी आपोआप उगवलेल्या गवताफुलांकडे बघून ठरवलं.

आणखी एक, कडा शोधा. हिरवळीच्या मधोमध फारसं काही घडत नाही. हिरवळ संपून झुडपं सुरू होतात तिथे, पाणी संपून गवत लागतं तिथे उभं राहा. उघड्यावर चरायचं आणि धोका दिसला की लपायचं, दोन्ही सोयी एकाच ठिकाणी असल्यामुळे पक्षी आणि कीटक त्या रेघेवर जास्त असतात.

जुनी_पायवाट

नकाशा यांचं लिहिणं माहितीचं आहे, पण निळी छत्री यांच्या दुखण्यावर ते औषध नाही. आणखी चौदा जागा बघून त्यांच्या हाती आणखी चौदा वेळा काही लागणार नाही.

मी गेली अकरा वर्षं एकाच बागेत जातो. लहान आहे, फेरी बारा मिनिटांत संपते. ती निवडली ते सुंदर म्हणून नव्हे, घराजवळ आहे म्हणून. पहिली दोन वर्षं मीही गोल गोल चालत होतो. मग गुडघ्याने चालणं थांबवलं आणि बसायची वेळ आली. बसल्यावर कळलं की आपण चालत असताना बागेतलं अर्धं जग दडून बसलेलं असतं. माणूस आला की पक्षी गप्प होतात, सरडा खोडाच्या पलीकडे जातो, खार वर चढते. तुम्ही हललाच नाहीत तर पंधरा-वीस मिनिटांनी ती सगळी आपापल्या कामाला परत लागतात. तुमची दीड तासाची फेरी म्हणजे दीड तास सगळ्यांना दडवत पुढे जाणं.

समोर एक वाळलेलं झाड होतं. चार वर्षांपूर्वी बागेची देखभाल करणारे ते तोडायला आले. मी विनंती केली, त्यांनी ऐकून घेतलं, रस्त्यावर पडू शकतील अशा फांद्या उतरवल्या आणि बारा-पंधरा फुटांचं खोड उभं ठेवलं. पहिल्या पावसात त्यावर भूछत्रं आली. मग साल सुटली, सालीखाली भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी नक्षी कोरली. अळ्या आल्या म्हणून सुतार पक्षी आला आणि त्याने भोक पाडलं. त्याची पिल्लं उडून गेली, पुढच्या वर्षी त्याच ढोलीत दुसऱ्या जातीची जोडी राहायला आली, कारण ज्यांना स्वतः ढोली करता येत नाही असे पक्षी सुताराच्या जुन्या घरावर टपून असतात. मेलेलं झाड म्हणून ज्याचा सांगाडा न्यायला माणसं आली होती, त्याच्यावर आज बागेतल्या कुठल्याही जिवंत झाडापेक्षा जास्त वर्दळ आहे. एका रविवारी येऊन गेलो असतो तर मला एक ओंडका दिसला असता, बाकी काही नाही.

वेळेचं विचारलंत. सूर्योदयाच्या आधी अर्धा तास पोहोचा. त्या वेळी वारा पडलेला असतो, रहदारी कमी असते, आवाज लांबवर जातो आणि दाणा-किडा शोधण्याइतका उजेड अजून झालेला नसतो. म्हणून पक्षी ती वेळ गाण्यात घालवतात, असं अभ्यासक मानतात. ते जमत नसेल तर सूर्यास्ताआधीचा तास. आणि पाऊस थांबल्यावर लगेच, दहा मिनिटांच्या आत. ती वेळ कुणी साधत नाही.

साळुंकी

काकांशी शंभर टक्के सहमत. आवाजावरून सांगते. रहदारीचा गडगडाट खालच्या पट्टीत असतो. त्यात आपलं गाणं बुडू नये म्हणून ग्रेट टिट हा छोटा पक्षी गोंगाटाच्या भागात वरच्या पट्टीत गातो, हे नेदरलँड्समधल्या लायडन शहरात मोजलं गेलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये तर दिसलं की जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथले रॉबिन रात्री गातात. हे वाचल्यापासून मी एकाच जागी दोनदा जाते, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा सुट्टीच्या पहाटे. डोळे मिटून ऐका. एकच पक्षी दोन दिवशी वेगळा ऐकू येतो का, हे तपासताना तास कसा गेला कळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती, तळ्यावर बदकांना पाव टाकू नका. मुलांना मजा वाटते, मलाही लहानपणी वाटायची. पावाने पोट भरतं पण पोषण होत नाही, उरलेला पाव पाण्यात कुजतो, शेवाळ वाढतं, प्राणवायू कमी होतो, उंदीर येतात. आमच्याकडच्या एका तळ्यात मासे वर तरंगताना मी पाहिले आहेत. ते नेमकं कशामुळे हे मला कुणी सांगितलं नाही, पण काठावर पावाचा चिखल होता आणि तो वास मी विसरलेले नाही. खायला न घालताही बदकं बघता येतात. दोन मिनिटं थांबलात तर ती शेपटी वर करून पाण्याखाली काय खातात तेच दिसतं, आणि मुलांना ते जास्त आवडतं.

रात्रपाळी

वाचून छान वाटलं, पण पहाट, सूर्यास्त, वीस मिनिटं नुसतं बसणं, हे सगळं वेळ असलेल्यांचं आहे. मी रात्री काम करतो, सकाळी सातला सुटतो आणि झोपेआधी माझ्याकडे अर्धा तास असतो. रविवारही ठरलेला नाही. माझ्यासारख्याने काय करायचं?

नकाशा

रात्रपाळी, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती बरी असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती १२० मिनिटं एकदम की तुकड्यातुकड्यांनी, यामुळे फरक पडला नाही. म्हणजे तुमचे चार दिवसांचे अर्धे-अर्धे तास पुरतात. यातून कारण सिद्ध होत नाही हे खरं, मुळात तब्येत बरी असलेले लोकच जास्त बाहेर पडत असतील.

त्याहून जुना अभ्यास १९८४ चा. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. म्हणजे तुमच्या खिडकीसमोरचं झाडही हिशेबात धरा.

झाडांचं नियोजन करणारे लोक अलीकडे ३-३०-३०० असा आडाखा सांगतात: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के सावली असावी, ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी. तुमच्या घरापासून ३०० मीटरमध्ये काय आहे ते बघा. मोठं उद्यान राहू द्या.

दगडफूल

नाव बघून कळलंच असेल मी काय सांगणार. अर्धा तास असेल तर एक झाड घ्या, एकच, आणि त्याचं खोड नाकापासून एक वितीवर ठेवून बघा. सालीवर राखाडी, पोपटी, पिवळसर डाग दिसतील. बहुतेकांना तो रंग किंवा रोग वाटतो. ते दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार असतो तो. मुळं नसल्यामुळे दगडफूल पाणी आणि अन्न थेट हवेतून आणि पावसातून घेतं, त्यामुळे हवेतलं विषही तेच आधी पितं. सल्फर डायऑक्साइड तर बहुतेक जातींना सोसत नाही.

विल्यम निलँडर हा फिनलंडचा शास्त्रज्ञ पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात झाडांवरची दगडफुलं मोजत असे. शहरात इतरत्र नसलेल्या जाती उद्यानात टिकल्यात हे त्याच्या लक्षात आलं, आणि १८६६ मध्ये त्याने लिहिलं की दगडफुलांवरून हवा किती चांगली हे ओळखता येईल. शहरातल्या बागेत खोडाकडे बघत बसणाऱ्या एका माणसाला हे सुचलं. म्हणून मी प्रत्येक नव्या बागेत रस्त्याकडचं पहिलं झाड आणि आतलं सगळ्यात लांबचं झाड, दोन्ही बघतो. फरक डोळ्यांना दिसतो.

खाली वाकलात तर पानगळीतही शोधा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये रोज एवढी माणसं येतात, तरी तिथल्या कुजलेल्या पानांत जेमतेम एक सेंटीमीटर लांबीची एक गोम सापडली, आणि ती विज्ञानाला ठाऊक नसलेली जात असल्याचं २००२ मध्ये जाहीर झालं.

फक्त वाट सोडून झाडाच्या बुंध्याशी गर्दीने उभे राहू नका. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीत असतात. पावलांनी माती दाबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि मुळं गुदमरतात. झाडाला भेटायला एकेकट्याने जा.

भरती_ओहोटी

थोडा वेगळा सूर लावतो. शहरातल्या बागेला निसर्ग म्हणणं मला पटत नाही. सेंट्रल पार्कचंच घ्या. ८४३ एकर, पण सगळी तळी माणसांनी केलेली, टेकाडं रचलेली, झाडं लावलेली. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ मध्ये आराखडा केला, आणि आडवे जाणारे रस्ते खड्ड्यातून नेले की चालणाऱ्याला गाड्या दिसूच नयेत. शिवाय तिथे आधी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतांश आफ्रिकन अमेरिकन लोकांची. ती उठवून जागा मोकळी केली. सोलमधला चोंग्येचॉन ओढा २००५ मध्ये खुला झाला, त्याच्यावरचा उड्डाणरस्ता पाडून. त्याचं कौतुक सगळे करतात. पण त्यात वाहणारं पाणी बहुतांशी नदीतून पंपाने आणलेलं आहे. हे सगळं देखणं आहे, मान्य. मग त्याला देखावा म्हणा. खरा निसर्ग बघायचा तर शहराबाहेर जावं.

साळुंकी

पण पक्ष्याला कुठे माहीत आहे तळं कुणी खणलं ते? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना सेंट्रल पार्क वरून काँक्रीटच्या समुद्रातलं बेट दिसतं आणि ते तिथे उतरतात. म्हणून वसंतात तिथे दुर्बिणी घेऊन माणसांची रीघ लागते. कबुतरं मुळात कड्याकपारींत राहणारी, त्यांना इमारतींच्या कपारी चालल्या. कबुतरांमागून बहिरी ससाणा आला, तोही कड्यांवर घरटं करणारा, आणि आता तो उंच इमारतींवर पिल्लं वाढवतो. त्यांनी देखावा आणि निसर्ग असा भेद केलाच नाही.

जुनी_पायवाट

भरती_ओहोटी, वस्ती उठवल्याची गोष्ट तुम्ही आणलीत ते बरं केलंत. ती विसरू नये.

पण "लावलेलं" आणि "खरं" यातलं अंतर काळ कमी करतो. रिओमधलं तिजुकाचं जंगल घ्या. कॉफीसाठी डोंगर उघडे झाले, झरे आटले, शहराला पाणी पुरेना, तेव्हा १८६१ पासून तिथे परत झाडं लावायला घेतली. मेजर आर्चर यांच्या देखरेखीखाली गुलाम मजुरांच्या हातांनी तेरा वर्षांत लाखाच्या आसपास रोपं लागली. आज तिथे उभं राहणाऱ्याला ते लावलेलं आहे हे सांगावं लागतं. टोकियोतलं मेइजी देवस्थानाचं रान तसंच. देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडं, १९२० मध्ये देवस्थान उभं राहिलं. पुढे रानाने आपलं आपण वाढावं असा विचार करूनच ती लावली होती. तिथे झाडूवाले वाटेवर पडलेली पानं गोळा करतात आणि परत झाडांखाली नेऊन टाकतात. हे वाचलं तेव्हापासून माझ्या बागेत पानं पोत्यात भरून नेताना पाहिली की जीव तुटतो.

आणि शहराबाहेर जायला प्रत्येकाला जमत नाही. रात्रपाळीने नुकतंच लिहिलं ते परत वाचा.

चाकावरची

जमत नाही यावरून लिहिते. मी चाकाच्या खुर्चीवर असते. या धाग्यात "बसा, वाका, खोडाला नाक लावा, पानगळीत शोधा" वाचताना हसूही आलं आणि थोडं टोचलंही. माझ्यासाठी बाग फाटकापाशीच ठरते. फाटकात दुचाकी अडवायला लोखंडी आडवे पाइप लावलेले असतात, त्यातून खुर्ची जात नाही. आत खडी असेल तर पुढची चाकं रुततात. उतार छान असतो, चढ येताना कळतो. मागच्या वर्षी एका बागेत नवी पायवाट झाली, दिसायला सुरेख, पण मध्येच दोन पायऱ्या. मी विचारलं तर उत्तर मिळालं की पलीकडून फिरून या. पलीकडून फिरून येणं म्हणजे एक किलोमीटर.

मला धीर देणारी एक जुनी गोष्ट आहे. लंडनचं रिचमंड पार्क पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी भिंत घालून बंद केलं. पायी जायचा लोकांचा हक्क मात्र राहिला होता. पुढे राजकन्या अमेलिया तिथली अधिकारी झाली आणि तिने लोकांना अडवलं. जॉन लुईस नावाचा एक बिअर बनवणारा व्यावसायिक कोर्टात गेला आणि १७५८ मध्ये जिंकला. भिंतीला दार हवं की शिडी, असं विचारलं तेव्हा त्याने शिडी मागितली, कारण दाराला कडी लावता येते. मग शिडीच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या लांब लांब केल्या की म्हाताऱ्यांना आणि मुलांना चढता येईना. तो परत कोर्टात गेला, आणि पायऱ्या जवळ करून घेतल्या. शिडी मला उपयोगाची नाही, पण दुसऱ्यांदा कोर्टात जाणारा तो माणूस मला फार आवडतो.

तुम्ही सगळे इतक्या जागी जाता तर एवढं करा. कुठल्याही बागेबद्दल लिहाल तेव्हा फाटकाची रुंदी, वाटेवर काय आहे, दोन बाकांमधलं अंतर आणि स्वच्छतागृह कुठे, हेही लिहा. माझ्यासाठी नाही तर तुमच्या आईवडिलांसाठी लागेल.

भरती_ओहोटी

चाकावरची, तुमचं वाचलं. शहराबाहेर जावं हे मी फार सहज लिहून गेलो. मागे घेतो.

चांदणवेल

काकांना एक सांगायचंय. अंधारात, एकटीने, वीस मिनिटं न हलता बसणं प्रत्येकीला शक्य नसतं. मला बागा फार प्रिय आहेत, पण मी बाक निवडते तो पाठीशी भिंत किंवा जाड खोड असलेला, दोन वाटा मिळतात तिथला. बाहेर पडायचा रस्ता आधी बघून ठेवते. कानात काही घालत नाही. पहाट हवी असेल तर पक्षी बघणाऱ्या एखाद्या गटाबरोबर जाते. ती माणसं बोलत नाहीत, त्यामुळे एकटीने गेल्यासारखंच होतं, आणि दहा जण आसपास असतात.

जुनी_पायवाट

बेटा, अकरा वर्षांत हे माझ्या मनात आलं नाही. लिहिलंस ते बरं केलंस.

निळी_छत्री

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांची रोज वाचते आहे. मी ठरवलंय की पुढचे सहा रविवार एकच जागा. नकाशा यांचं ऐकून ३०० मीटरमध्ये शोधलं. एक बाग आहे, इतकी छोटी की ती माझ्या यादीतच नव्हती. बाक चांदणवेल सांगते तसा बघितला. बघू.

नकाशा

तुमचे सहा रविवार होईपर्यंत मी माझ्या बाजूने एक राखून ठेवतो. वेगवेगळ्या जागा बघायलाही अर्थ असतो. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, वस्ती त्याच्या भिंतीपर्यंत आलेली, आणि आत बिबटे राहतात. बर्लिनचा टेंपेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून धावपट्टीवर लोक फिरतात, आणि मधल्या गवताचा भाग चंडोलांच्या विणीसाठी राखून ठेवतात. तिथे बांधकाम नको म्हणून २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान केलं. शहर काय काय वाचवू शकतं हे एका बाकावर बसून कळत नाही.

जुनी_पायवाट

हे मात्र मान्य.

निळी_छत्री

सहा रविवार झाले. खरं तर नऊ वेळा गेले, कारण मधल्या वारीही पाय वळायला लागले.

पहिला रविवार वाईट गेला. वीस मिनिटं संपता संपेनात. मुलगी कंटाळली, मी दोनदा फोन काढला. दुसऱ्या वेळी फोन घरीच ठेवला आणि मुलीला वही दिली. दिसेल ते काढ, नाव माहीत नसेल तर तूच ठेव. तिने बाकासमोरच्या झाडाचं नाव "खपल्या" ठेवलं, कारण त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि आत फिकट डाग दिसतात. तिसऱ्या रविवारी दगडफूल यांच्या सांगण्यावरून खोड बघितलं. रस्त्याकडच्या झाडावर जवळजवळ काही नाही, आतल्या कोपऱ्यातल्या झाडावर तीन रंगांची दगडफुलं आहेत. मधे एवढीशी बाग, पाऊणशे पावलं असतील, आणि इतका फरक. ते मोजून मुलगी धावत सांगत आली तेव्हा मला माझे चौदा रविवार आठवले.

चौथ्या वेळी पाऊस थांबल्या थांबल्या गेलो. काका, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. बागेत कुणी नव्हतं. गवतातून गांडुळं वर आलेली, आणि दोन पक्षी धावत धावत ती ओढत होते, एक ओढायचा आणि दुसरा हिसकावायचा. आम्ही भिजलेल्या बाकावर प्लास्टिक टाकून बसलो होतो.

चाकावरची, मी मोजलं. फाटक दोन आहेत. मोठं सव्वा मीटर रुंद, अडथळा नाही. छोट्याला आडवा पाइप आहे, त्याबद्दल देखभाल करणाऱ्यांकडे लेखी अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात परत देईन. वाट फरशीची आहे, कोपऱ्यात एका मुळाने फरशी उचललीय. बाक चार, साधारण तीस-तीस पावलांवर. स्वच्छतागृह नाही.

एकच अडलंय. खपल्याचं खरं नाव शोधून मिळत नाही. पानं हाताच्या पंजासारखी, देठाशी जरा फुगीर.

दगडफूल

पंजासारखी पानं आणि पापुद्र्यांनी सुटणारी साल म्हटल्यावर लंडन प्लेन डोक्यात येतं. जगभरच्या शहरांत रस्त्याकडेला ते फार लावलेलं आहे. पण नुसत्या वर्णनावर मी छातीठोक सांगणार नाही. पानाची मागची बाजू, देठ जिथे फांदीला जुळतो ती जागा, आणि खाली गोल लोंबती फळं पडली असतील तर ती, असे तीन फोटो टाका. प्लेनच्या देठाच्या फुगीर बुडात पुढच्या हंगामाची कळी दडलेली असते. पडलेलं पान उचलून देठाच्या टोकात पोकळी आहे का बघा.

निळी_छत्री

आत्ताच जाऊन आलो, उजेड होता थोडा. पोकळी आहे! टोपीसारखी. फोटो उद्या टाकते, आज फोन नेला नव्हता. मुलगी म्हणते खरं नाव काहीही निघू दे, वहीत खपल्याच राहणार.